जॅग्वार ई-टाइप की पोर्शे ९११? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१९६० च्या दशकातील युरोपीय स्पोर्ट्‌स कारविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे इंग्लंडची जॅग्वार ई-टाइप आणि जर्मनीची पोर्शे ९११ या दोनच गाड्यांविषयी असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे बर्मिंगहॅम येथे राहत असून पुढील वर्षी निवृत्त होत आहे. एक जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यावी, पत्नीसह तिच्यातून स्कॉटलंड व फ्रान्समध्ये लांबचे प्रवास करावेत आणि पुढेमागे ती विकावी लागली तर घातलेला पैसा बुडू नये, एवढीच अपेक्षा आहे. सध्या दोन गाड्या पाहण्यात आहेत. पहिली १९६७ ची ई-टाइप ४.२ कूपे, म्हणजे बंद छताची गाडी. ती सुमारे तीस वर्षांपूर्वी पूर्णपणे नव्याने बांधली, असे विक्रेता सांगतो. परंतु त्या कामाची छायाचित्रे किंवा बिले नाहीत. दुसरी १९७० ची पोर्शे ९११ ई. तिचा रंग ठिकठिकाणी विटला आहे, पण पहिल्या मालकापासूनची सर्व कागदपत्रे आहेत. कोणती घ्यावी? (बर्मिंगहॅम; मूळ गाव सातारा)

उत्तर : या दोन गाड्या एकाच काळातल्या आणि एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी बनलेल्या असल्या, तरी त्या घडवणाऱ्यांचे विचार अगदी भिन्न होते. तो फरक समजला, तर आपला निर्णय पुष्कळ सोपा होईल.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे जगापुढे आली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी काढला होता. सेयर हे ब्रिस्टल विमान कंपनीत काम करून आलेले वायुगतीचे अभ्यासक होते, आणि १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मॉंची शर्यत जिंकणारी डी-टाइपही त्यांनीच आखली होती. त्यामुळे ई-टाइपच्या लांब नाकाला आणि निमुळत्या पाठीला शोभेइतकेच हवेचा रोध कमी करण्याचेही कारण आहे. त्या नाकाखाली १९४८ पासून जॅग्वारला परिचित असलेले सहा सिलिंडरांचे एक्सके इंजिन बसवले गेले, आणि मागील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्यात आले. १९६१ च्या इंग्लंडमध्ये करासह सुमारे २,१०० पौंडांत मिळणाऱ्या गाडीला २६५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ताशी १५० मैलांच्या वेगाचा दावा, हे सारे एकत्र मिळणे त्या काळी जवळजवळ अविश्वसनीय होते. वृत्तपत्रांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्या विशेष तयार केलेल्या होत्या आणि शोरूममधील गाडी सहसा त्या वेगाला पोहोचत नसे, ही गोष्ट खरी. परंतु त्यामुळे या गाडीचे मोल मला कधीही कमी वाटलेले नाही.

पोर्शे ९११ चा प्रवास याहून शांत झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये ती फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या क्रमांकाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्समध्ये प्यूजोचा हक्क असल्याने १९६४ मध्ये विक्री सुरू होताना तो ९११ करण्यात आला. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी तिचा आकार घडवला. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन मागील आसाच्याही मागे ठेवलेले होते आणि पहिल्या गाड्यांची क्षमता १,९९१ घनसेंटिमीटर, शक्ती १३० अश्वशक्ती एवढीच होती. कागदावर ती ई-टाइपच्या निम्मी दिसते. परंतु तिचे वजन जेमतेम १,०८० किलो होते आणि पुढील काळात कारखान्याने तीच गाडी जवळपास दरवर्षी सुधारत नेली. ई-टाइपचे सर्वोत्तम रूप तिच्या आयुष्याच्या पूर्वार्धात दिसले, तर ९११ उत्तरोत्तर परिपक्व होत गेली, असे माझे मत आहे.

आता चालवण्याविषयी. ४.२ लिटरच्या जॅग्वार इंजिनात पिस्टनचा प्रवास १०६ मिलिमीटर, म्हणजे चांगलाच लांब आहे. असे इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर जोर देते; तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पाय हलकेच दाबला, तरी गाडी विनासायास वेग घेते आणि मोकळ्या महामार्गावर तासन्‌तास चालवताना चालकाला थकवा येत नाही. १९६४ च्या अखेरीस ३.८ लिटरच्या जागी हे ४.२ लिटरचे इंजिन आले तेव्हा अश्वशक्ती तेवढीच राहिली. पण जोर वाढला, जुना अवघड मॉस गिअरबॉक्स जाऊन चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा यासाठीची रचना) असलेला नवा गिअरबॉक्स आला, ब्रेक व आसने सुधारली आणि डायनामोऐवजी अल्टरनेटर बसला. संग्राहक ३.८ च्या मागे जातात. परंतु स्वतः चालवणाऱ्याने पहिल्या मालिकेतील ४.२ च घ्यावी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्या दृष्टीने आपण पाहिलेले मॉडेल अगदी योग्य आहे. कूपेच्या मागील दारातून सामानही पुष्कळ मावते, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या जोडप्याला याचे महत्त्व सांगायला नको.

९११ ई मधील २,१९५ घनसेंटिमीटरचे इंजिन याच्या उलट स्वभावाचे आहे. पिस्टनचा प्रवास केवळ ६६ मिलिमीटर असल्याने ते फेऱ्या वाढवत नेल्यावरच खुलते, आणि त्याची १५५ अश्वशक्ती मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या पलीकडे मिळते. सतत गिअर बदलत, वळणावळणाच्या रस्त्यावर चालकाला गुंतवून ठेवणारी ही गाडी आहे. तिचे स्टिअरिंग हलके, बोलके आणि अचूक आहे, काचांतून चहूबाजूंनी स्वच्छ दिसते आणि शहरातील गर्दीत अडकल्यावर रेडिएटरचे पाणी उकळण्याची चिंता नाही, कारण रेडिएटरच नाही. ई-टाइप रहदारीत तापते, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. चांगला रेडिएटर आणि अधिक सक्षम विद्युत पंखा बसवून ती बहुतांशी दूर करता येते.

परंतु आपल्या निवडीत इंजिनापेक्षा पत्रा अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही गाड्यांच्या मालकांना कर्जाच्या खाईत लोटणारा गंजच असतो. इंजिन कितीही महाग असले, तरी त्याच्या दुरुस्तीचा अंदाज आधी बांधता येतो. ई-टाइपचा मधला भाग पत्र्याच्या एकसंध सांगाड्याचा असून त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली आहे आणि तीच इंजिन व पुढचे सस्पेन्शन पेलते. या नळ्या आतून गंजतात. बाहेरून त्या निर्दोष दिसतात, म्हणूनच धोका मोठा. आणि त्या पातळ असल्याने ठिगळ लावण्यापेक्षा चौकट बदलणेच इष्ट. दारांखालच्या पेट्या आणि तळाचा पत्रा यांचेही तसेच. तीस वर्षांपूर्वीच्या कामाचे एकही छायाचित्र नसेल, तर दारांखालचा पत्रा नवा बसवला की जुन्यावर दुसरा चढवून रंगाने झाकला, हे सांगणारा एकही पुरावा आपल्याजवळ नाही. बॉनेट व दारे यांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत का, ते प्रथम पाहावे. प्रचंड आकाराचे ते बॉनेट अनेक तुकड्यांचे असून नीट जुळवण्यास निष्णात कारागिराचेही बरेच दिवस जातात, त्यामुळे निष्काळजी काम तिथेच उघडे पडते.

९११ चा तळ १९७१ च्या मॉडेलपासून काही प्रमाणात जस्तलेपित होऊ लागला आणि संपूर्ण सांगाडा जस्तलेपित व्हायला १९७६ चे मॉडेल उजाडले. आपली १९७० ची गाडी म्हणजे साधा पोलाद आहे. पुढच्या टाकीखालचा पत्रा, दोन्ही बॅटऱ्यांच्या पेट्या, जॅक लावण्याच्या जागा, दारांखालच्या पेट्या आणि मागील टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) जिच्यात बसतात ती आडवी नळी, या सर्व जागा गाडी उचलून, तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. ई मॉडेलला त्या वर्षी पुढच्या बाजूस स्वतः पातळी राखणारे हायड्रोन्यूमॅटिक (तेल व वायूच्या दाबावर चालणारे) स्ट्रट होते. पुढील काळात अनेकांनी ते काढून नेहमीचे टॉर्शन बार बसवले. तसा बदल झालेला असेल तर गाडी टाळण्याचे कारण नाही, मात्र किमतीत त्याचा विचार व्हावा. याखेरीज यांत्रिक इंधन फवारणीच्या बॉश पंपाची स्थिती विचारावी. तो नीट असेल तर इंजिन अत्यंत गुळगुळीत चालते आणि झिजलेला असेल तर दुरुस्ती महाग पडते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. तळाच्या तपासणीत ९११ सुदृढ ठरली, तर तीच घ्यावी, आणि विटलेल्या रंगाला हात लावू नये. मूळ रंग आणि अखंड कागदपत्रे पुन्हा निर्माण करता येत नाहीत. ई-टाइपचे आकर्षण प्रबळ असेल, आणि ते असणे मला पूर्णपणे समजते, तर याच मॉडेलची पण कामाचा लेखी व सचित्र वृत्तान्त असलेली दुसरी गाडी शोधावी. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी ते शेवटी स्वस्तच पडेल.

प्रश्न : जुनी ९११ वळणावर अचानक मागून फिरते, असे नेहमी वाचनात येते. हे खरे आहे की नुसती दंतकथा? (नाशिक)

उत्तर : मुळाशी तथ्य आहे, पण अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आहे. गाडीचे जवळपास ६० टक्के वजन मागील चाकांवर येते आणि इंजिन आसाच्या मागे लटकलेले असते. बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा कमी होतो. ९११ च्या पुढच्या चाकांचे वेगात काहीसे तसेच घडते. वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर वजन पुढे सरकते, मागील टायरांची पकड घटते आणि मागचे जड इंजिन आपल्या गतीने बाहेरच्या दिशेला जाऊ पाहते. म्हणून वळणाच्या आधीच ब्रेक लावून वेग कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवून हलकीशी शक्ती देत राहावी, हा या गाडीचा पहिला धडा आहे.

कारखान्यालाही ही अडचण ठाऊक होती. आरंभीच्या काही गाड्यांच्या पुढील बंपरच्या दोन टोकांत प्रत्येकी सुमारे ११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवले गेले. खरा उपाय १९६९ च्या मॉडेलमध्ये झाला : इंजिन जिथल्या तिथे ठेवून मागील चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली, त्यामुळे दोन आसांमधील अंतर २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर झाले. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात त्याने गाडीचा स्वभाव बदलला. आधीच्या आखूड गाड्यांना आज संग्राहक अधिक पैसे देतात, पण नवशिक्याने १९६९ किंवा त्यानंतरचीच गाडी निवडावी. टायर जुने आणि टणक झालेले नसावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. खोबणी खोल दिसली म्हणजे टायर चांगला, असे नव्हे. त्यावर छापलेले निर्मितीचे वर्ष पाहावे.

प्रश्न : आमच्या ई-टाइपचा क्लच बदलण्यासाठी गॅरेजने सांगितलेला खर्च अवाच्या सवा वाटतो. फसवणूक तर होत नाही ना? (लेस्टर)

उत्तर : क्लचची तबकडी महाग नाही, मजुरी महाग आहे, आणि तिला कारण आहे. या गाडीत गिअरबॉक्स खालून वेगळा काढता येत नाही. बॉनेट उतरवून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. मागील ब्रेकही चाकांपाशी नसून डिफरन्शिअलला (मागील दोन चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाला) चिकटून आत आहेत. त्यामुळे चाकांसोबत वरखाली होणारे वजन कमी होऊन गाडी मऊ चालते खरी, परंतु पूर्ण दुरुस्तीसाठी मागील सस्पेन्शनचा संपूर्ण पिंजरा उतरवणेच सोयीचे ठरते. ब्रेकच्या उष्णतेने डिफरन्शिअलची तेलसीलेही खराब होतात. काम एवढे मोठे असल्याने इंजिन बाहेर असताना क्लचसोबत रिलीज बेअरिंग, क्रँकशाफ्टचे मागील सील आणि रबरी पाइप एकाच वेळी बदलून घ्यावेत. ९११ मध्ये इंजिन व गिअरबॉक्स मिळून चार मुख्य बोल्टांवर टांगलेले असतात आणि सरावलेला मेकॅनिक ते पुष्कळ लवकर खाली उतरवतो. मजुरीतला फरक मुख्यतः इथे पडतो.

प्रश्न : मला चालवण्यापेक्षा संग्रहात रस आहे. ‘मॅचिंग नंबर’ या गोष्टीला एवढे महत्त्व का, आणि दोहोंपैकी कोणती गाडी संग्रहासाठी अधिक योग्य? (न्यू जर्सी, मूळ गाव ठाणे)

उत्तर : कारखान्यातून निघताना जे इंजिन, जो गिअरबॉक्स आणि जो सांगाडा एकत्र होता तोच आजही एकत्र आहे, याची खात्री म्हणजे मॅचिंग नंबर. महत्त्व यासाठी की या दोन्ही गाड्यांचे बहुतेक सुटे भाग आज नव्याने मिळतात, आणि पुरेसा पैसा असेल तर अगदी थोड्या मूळ धातूभोवती संपूर्ण नवी गाडी उभी करता येते. अशा वेळी जुनेपणाचा आधार क्रमांक आणि कागद यांवरच राहतो.

ई-टाइपच्या पाटीवर गाडी, इंजिन, सांगाडा व गिअरबॉक्स यांचे क्रमांक कोरलेले असतात. त्यांची ताळमेळ जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राशी घालावी; त्यावर मूळ रंग आणि गाडी कोणत्या देशात पाठवली गेली याचीही नोंद असते. ३.८ लिटरच्या गाड्यांत उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांचे क्रमांक ८५०००१ पासून, उजव्या कूपेचे ८६०००१ पासून, डाव्या उघड्या गाड्यांचे ८७५००१ पासून आणि डाव्या कूपेचे ८८५००१ पासून सुरू होतात. कूपेचे छत कापून तयार केलेली बनावट ‘रोडस्टर’ किंवा अमेरिकेतून आणून स्टिअरिंग बदललेली गाडी एवढ्यावरूनच ओळखू येते. स्टिअरिंग बदलणे हा दोष नाही. ते लपवणे हा दोष आहे.

पोर्शेच्या बाबतीत फसवणुकीचा मार्ग वेगळा आहे. साध्या टी मॉडेलला अधिक शक्तीच्या एस मॉडेलचे इंजिन व चाके लावून, किंवा त्याहून पुढे जाऊन १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ चे रूप देऊन ती विकली जाते. खऱ्या आरएस १,५८० एवढ्याच बनल्या. मागील झाकणावरची बदकाच्या शेपटीसारखी पट्टी कोणीही बसवू शकतो. १९७० ते १९७३ या मॉडेलवर्षांत सांगाड्याच्या क्रमांकातील ९११ नंतरचा पहिला अंक वर्ष आणि दुसरा अंक इंजिनाचा प्रकार दाखवतो : १ म्हणजे टी, २ म्हणजे ई, ३ म्हणजे एस. आरएस साठी १९७३ मध्ये ६ हा अंक वापरला गेला. त्यामुळे ९११३१ ने सुरू होणारी गाडी आरएस म्हणून दाखवली जात असेल, तर चर्चा तिथेच थांबवावी.

संग्रहासाठी माझी निवड ई-टाइप आहे. त्यातही १९६१ च्या आरंभीच्या, बॉनेटला बाहेरून कुलूप आणि सपाट तळ असलेल्या गाड्या सर्वांत दुर्मीळ आहेत. उंच व्यक्तीला त्यांत पाय ठेवायलाही जागा अपुरी पडते, पण संग्राहकाला ती अडचण गौण. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक निळी उघडी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. आपण न्यू जर्सीत आहात, तेव्हा ती प्रदर्शनात मांडलेली असेल तर अवश्य पाहावी. उभी असतानाही डोळ्यांना तृप्त करणारी गाडी कोणती, या प्रश्नाला माझ्यापुरते एकच उत्तर आहे. ९११ मात्र उभी ठेवली की तिचे निम्मे गुण अदृश्य होतात.

तरीही ‘संग्रह’ म्हणजे गाडी वर्षानुवर्षे न हलवणे, असा अर्थ कृपया घेऊ नये. उभ्या गाडीची रबरी सीले सुकतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात आणि टाकीत गंज धरतो. मीटरवर थोडे मैल दिसावेत म्हणून बंद ठेवलेल्या गाड्या खरेदीनंतर जेवढा खर्च मागतात, तेवढा नियमित फिरवलेल्या गाड्या मागत नाहीत.

प्रश्न : मी श्टुटगार्ट परिसरात नोकरी करतो. अंदाजपत्रक मर्यादित आहे. या दोन घराण्यांतील तुलनेने स्वस्त गाडी कोणती घ्यावी? (एसलिंगेन; मूळ गाव अहिल्यानगर)

उत्तर : जॅग्वारमध्ये १९६६ पासून मिळणारी २+२ ही लांब कूपे आणि १९७१ नंतरची तिसऱ्या मालिकेतील व्ही-१२ कूपे यांच्या किमती तुलनेने खाली असतात. २+२ चे छत उंच व पाठ काहीशी जड दिसते, परंतु आतली जागा उत्तम. ५.३ लिटरचे व्ही-१२ इंजिन विलक्षण मृदू आहे. मात्र त्याला चार कार्ब्युरेटर आणि बारा सिलिंडर आहेत, त्यामुळे खरेदीत वाचलेले पैसे देखभालीत जाण्याची तयारी असावी.

पोर्शेमध्ये १९६५ ते १९६९ या काळातील ९१२ विचारात घ्यावी. सांगाडा ९११ चाच, पण मागे जुन्या ३५६ पासून विकसित केलेले चार सिलिंडरांचे ९० अश्वशक्तीचे इंजिन. वेग कमी असला तरी मागचा भार हलका असल्याने ती वळणांवर अधिक संतुलित वाटते, आणि तुमच्या जवळच्या श्वेबियन डोंगररस्त्यांवर ९० अश्वशक्तीही पुरेसा आनंद देतात. गंज मात्र ९११ इतकाच, त्यामुळे स्वस्तात मिळालेली कुजकी ९१२ ही सर्वांत वाईट खरेदी : पत्र्याचे काम तेवढेच महाग आणि विक्रीची किंमत कमी.

जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या व मूळ स्थिती राखलेल्या गाडीला ‘एच’ क्रमांकपट्टी मिळते. वार्षिक कर सुमारे १९१ युरो एवढा ठरावीक असतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत प्रवेशही मिळतो. तपासनीस मूळ स्वरूप पाहतो, म्हणून पूर्वीच्या मालकाने केलेले फेरफार खरेदीआधीच लिहून घ्यावेत.

प्रश्न : जॅग्वार आता टाटांकडे आहे. मग ई-टाइप भारतात आणून चालवणे सोपे झाले आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली, हे खरे, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये जुन्या जॅग्वारसाठी मोठे काम झाले आहे. १९६३ च्या सुमारास शर्यतींसाठी हलक्या ई-टाइप १८ बनवायच्या ठरल्या होत्या, पण १२ च बनल्या. राहिलेल्या सहा कंपनीने २०१४ मध्ये बांधायला घेतल्या. परंतु मालकी कोणाचीही असली, तरी जुन्या गाडीच्या आयातीचे नियम तिला इतरांप्रमाणेच लागू होतात. भारताने जुन्या मोटारींच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध ठेवले होते, आणि जकातीचा बोजाही लहान नसतो. म्हणून परदेशात इसारा देण्यापूर्वी सीमाशुल्क दलालाचा लेखी सल्ला घ्यावा.

नोंदणीचे चित्र मात्र २०२१ पासून सुस्पष्ट आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक व मूळ स्वरूपातील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणे अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, दैनंदिन वापरासाठी नाही. कोल्हापुरातून रोज गाडी चालवण्याचा हेतू असेल तर या मार्गाने तो साध्य होणार नाही.

प्रश्न : इंग्लंडच्या हिवाळ्यात गाडी चार महिने बंद ठेवावी लागते. काय काळजी घ्यावी? ई-टाइप आणि ९११ दोन्हींसाठी सांगावे. (रेडिंग)

उत्तर : बंद करण्यापूर्वी इंजिन तेल बदलावे; वापरलेल्या तेलातील आम्ल बेअरिंगना खाते, त्यामुळे हे काम वसंतावर ढकलू नये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबरी पाइप व सीले खराब करते. म्हणून पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल वापरावे आणि हिवाळ्यापूर्वी टाकी त्यानेच काठोकाठ भरावी, म्हणजे आत बाष्प साचत नाही. इंधनाचे पाइप इथेनॉलला टिकणारे असावेत. ९११ मध्ये ते तापलेल्या इंजिनाच्या अगदी जवळून जातात आणि गळती झाली तर आग लागू शकते.

ई-टाइपच्या रेडिएटरमध्ये योग्य प्रमाणात अँटीफ्रीझ आहे ना, ते पाहावे, कारण इंजिनाचे डोके (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमचे असून निव्वळ पाण्याने ते आतून कुरतडले जाते. हँडब्रेक ओढून ठेवू नये. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टायरांत हवा थोडी अधिक ठेवावी. बॅटरी चार्जरवर ठेवताना ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, हे ध्यानात घ्यावे. उलटी जोडणी केल्यास हानी होते. ४.२ मध्ये ऋण टोक सांगाड्याला असते.

दर आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू करण्याची सवय सोडून द्यावी. इंजिन पुरेसे तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून कुजतो. कोरडा दिवस मिळाला, रस्त्यावर मीठ नसले, तर गाडी बाहेर काढून निदान अर्धा तास नीट चालवावी. ९११ चे तेल त्या फेरीनंतरच मोजावे : इंजिन पूर्ण तापलेले, सपाट जागेवर आणि सुरू असताना. तिचे बरेचसे तेल वेगळ्या टाकीत राहते, त्यामुळे थंड इंजिनावर काडी कोरडी दिसली म्हणून वरून तेल ओतल्यास ते मर्यादेबाहेर जाऊन हवेच्या गाळणीत शिरते.